मस्टरमधला ‘ये’

निवृत्त होऊन आठ महिने झाले, तरी घरातल्या कॅलेंडरवर मी अजून खुणा करतो. दूधवाला आला की ‘ह’. नाही आला की ‘गै’. उशिरा आला तर ‘ह’च्या डोक्यावर टिंब. बायको म्हणते, "अहो, त्या बिचाऱ्याला आता मेमो तेवढा द्यायचा राहिलाय." मी हसतो, पण खूण करायची सोडत नाही. एकतीस वर्षं हेच केलं. केजजवळच्या एका सूतगिरणीत मी टाइमकीपर होतो.

टाइमकीपर म्हणजे घड्याळाला किल्ली देणारा, असं माझ्या साडूला लग्नानंतर पाच वर्षं वाटत होतं. तसं नाही. गिरणीच्या फाटकाशी एक खोली असते, तिला टाइम ऑफिस म्हणतात. आत येणाऱ्या प्रत्येक कामगाराजवळ पितळेचं नंबर असलेलं टोकन असतं. ते त्यानं खिळ्यांच्या फळीवर अडकवायचं आणि आत जायचं. टाइमकीपरनं फळी बघून मस्टर भरायचं. मस्टर म्हणजे हजेरीचं मोठं बाड. प्रत्येकाच्या नावापुढं महिन्याचे एकतीस खाने, आणि एकेका खान्यात एक अक्षर. ‘ह’ म्हणजे हजर, ‘गै’ म्हणजे गैरहजर, ‘र’ म्हणजे रजा, ‘सु’ म्हणजे सुट्टी. आणि एक ‘सं’ असतो, लाल शाईचा. त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

काम सोपं वाटतं, पण त्यातही कसब आहे. दोस्ताचं टोकन आपल्या टोकनाबरोबर अडकवून जाणारे बहाद्दर पुष्कळ असत. मी खाली मान घालून लिहीत असलो तरी मला कळायचं. एक टोकन फळीला लागलं की एकच टण्ण होतं, दोन असली की ती आधी एकमेकांवर घासतात. मान वर न करता मी म्हणायचो, "दुसरं कुणाचं बे?" माणूस जागच्या जागी गार! असल्या फुशारक्या माझ्याकडं खूप आहेत, पण आज त्या सांगायला बसलेलो नाही. आज एका खान्याची गोष्ट सांगायची आहे, जो खाना मी तेवीस दिवस रिकामा ठेवला होता आणि ज्याच्यापायी माझं जेवणखाण उडालं होतं.

त्याआधी शेषेरावाचं सांगितलं पाहिजे.

मी नवा असताना गिरणीत एक संप झाला. संपाचा कायद्यात एक साधा नियम आहे. आधी लेखी नोटीस द्यायची, मग चौदा दिवस थांबायचं. त्या मुदतीत मालकानं बोलणी करावीत, सरकारनं मध्यस्थी करावी, हा त्यातला हेतू. मुदत संपायच्या आत काम बंद केलं तर संप बेकायदेशीर, मग मागणी कितीही रास्त असो. तेव्हा युनियनचा चिटणीस होता शेषेराव. अंगापिंडानं पैलवान, आवाज असा की मशीन चालू असताना पलीकडच्या खात्यात ऐकू जावा. त्यानं नोटीस दिली आणि दिवस मोजले. पण नोटीस दिली तो दिवसही धरून मोजले. चौदा पूर्ण झाले म्हणून पंधराव्या दिवशी सकाळी सगळे फाटकाबाहेर बसले, आणि प्रत्यक्षात तो होता चौदावा.

एका दिवसाची चूक. मी तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांनी लाल शाईची दौत माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "जे घडलं ते लिहा." घडलं ते खोटं नव्हतंच. मी सगळ्यांच्या नावापुढं सुबक अक्षरात ‘सं’ काढला. पुढं त्या पानाची नक्कल चौकशीत लागली आणि अकरा माणसं घरी गेली. शेषेराव त्यांतला पहिला.

तो आता केजच्या बसस्टँडसमोर भजी तळतो. मी दिसलो की झारा थांबवून विचारतो, "बाबू, आज कितवा दिवस?" माणूस चेष्टेनं विचारतो, मी मात्र न थांबता पुढं सटकतो. राग असता तर बरं झालं असतं, पण त्याच्या मनात राग नाही. त्यानं मला कधी बोल लावला नाही. मीच आपला त्या रस्त्यानं जायचं टाळत असे.

तेव्हापासून मला मोजायची खोड लागली. कुलूप तीनदा ओढून बघायचं, मस्टरची बेरीज चारदा करायची, कुठलाही कागद आला की त्यातले दिवस बोटांवर मोजायचे. लोक मला घाबरट म्हणत. म्हणोत.

आता गेल्या हिवाळ्याकडं येतो.

गिरणीत कार्डिंग नावाचं खातं असतं, तिथं कापूस पिंजला जातो. तिथली धूळ ओढून घेणारा मोठा पंखा दिवाळीच्या आधीच बंद पडला. दुरुस्त होईल, दुरुस्त होईल म्हणता म्हणता महिना गेला. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे, माणसं खोकून बेजार व्हायची. शेजारच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे जिथं सूत शंकूसारख्या कोनांवर गुंडाळतात तिथं, सगळ्या बायका. त्यांच्याही डोक्यावर पांढरा थर बसायचा. युनियनची चिटणीस होती रुक्मिणबाई, त्याच वाइंडिंगमधली. ठेंगणी, काटक, पंचेचाळिशीची. नेकनूरकडच्या एका खेड्यातून रोज जीपनं यायची. मुलाला इंजिनिअरिंगला घातलं होतं, त्यामुळं तिची नोकरी म्हणजे त्या घराचा कणा. तिनं साहेबांना तीनदा सांगितलं, चौथ्यांदा संपाची नोटीस दिली.

नोटीस द्यायच्या आधी ती माझ्या खिडकीशी आली. "बाबू, दिवस तुमी मोजून द्या. आमच्यात आता मोजायची हिंमत कुनात न्हाई."

मी व्यवस्थापनाच्या बाजूचा माणूस. असलं सांगणं माझ्या कामात बसत नाही. तरी मी कागदावर आकडे मांडले, नोटिशीचा दिवस सोडून चौदा मोजले आणि वर एक दिवस जास्तीचा धरला. शेषेरावच्या झाऱ्याची आठवण होतीच. त्याच सुमारास कामगारांचे जुने कायदे जाऊन नवा आला होता. मी तोही चाळला होता. त्यातही चौदा दिवसच होते, तेवढं बघितलं आणि निश्चिंत झालो. कायद्याच्या सुरुवातीला व्याख्या असतात. त्या मी वाचल्या नाहीत. व्याख्या कोण वाचतं हो?

नोटीस दिल्यापासून नवव्या दिवशी येळवस होती.

बाहेरच्या वाचकांना सांगतो. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव पुजायचे, आणि मग आंबील, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवतात. ज्याला शेत नाही त्याला तर चार शेतांतून बोलावणं असतं. अशा दिवशी गिरणी चालू ठेवायची म्हटली तरी चालवणार कोण? सणाच्या सुट्ट्यांच्या सरकारी यादीत येळवस नाही. त्यामुळं गिरणी सुरू झाली तेव्हाच पहिल्या साहेबांनी तोड काढली होती. येळवसला बंद, आणि त्या बदल्यात पुढच्या साप्ताहिक सुट्टीला सगळ्यांनी कामावर यायचं. ना अर्ज, ना आदेश. माझ्या आधीचे टाइमकीपर त्या दिवशी सगळ्यांच्या नावापुढं निळ्या शाईत ‘ये’ लिहीत. मीही तेच लिहीत आलो. गिरणी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली, साहेब बदलले, ‘ये’ काही बदलला नाही.

त्या वर्षीचे साहेब नवे होते, लांबून आलेले. वाईट माणूस नव्हे. पण येळवस म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि वरून सुताच्या ऑर्डरीचा तगादा होता. तीन दिवस आधी मला म्हणाले, "अर्जाशिवाय कुणी घरी राहिलं तर गैरहजर मांडा. दरवर्षीचं मला सांगू नका."

इथं माझी अक्कल चालली. पावणेदोनशेवर लोक, निम्म्यांना अर्ज लिहायचा कंटाळा. उगाच सगळ्यांच्या नावापुढं ‘गै’ लागेल, म्हणून मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक झकास नमुना तयार केला. ‘येळवस सणानिमित्त एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी, ही नम्र विनंती.’ तारीखसुद्धा छापून. नाव, टोकन नंबर आणि सही तेवढी रिकामी. गठ्ठा काढला आणि खिडकीत ठेवला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

रुक्मिणबाईनं कागद उलटापालटा करून बघितला. "आजवर कदी अर्ज दिला न्हाई. आता कावून?"

"नियम बदललेत, बाई. हातात कागद असला की माणूस सुरक्षित."

"तुमी म्हंता तर देते." तिनं सही केली. तिची बघून बाकीच्यांनी केली. एकशे ब्याऐंशी कामगारांपैकी एकशे एकतीस जणांचे अर्ज मी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मंजूर म्हणाले नाहीत, नामंजूरही म्हणाले नाहीत. ड्रॉवरमध्ये टाकले.

येळवस झाली. मीही भावाच्या शेतात आंबील पिऊन आडवा झालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर नोटीस लागलेली. नव्या कायद्यात संपाची व्याख्या वाढवलेली आहे. निम्मे किंवा त्याहून जास्त कामगार संगनमतानं एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच. संपाच्या नोटिशीला नऊच दिवस झालेले. म्हणजे चौदा दिवसांच्या आत संप. म्हणजे बेकायदेशीर. संगनमताचा पुरावा काय, तर एकाच मजकुराचे, एकाच छापाचे, एकाच दिवशी दिलेले एकशे एकतीस अर्ज.

माझा नमुना! मी छापलेला! चिथावणी दिल्याबद्दल रुक्मिणबाई निलंबित, आणि तिला कामावरून का काढू नये याची चार्जशीट.

साहेबांनी मला आत बोलावलं. "कालच्या खान्यात सगळ्यांना संप मांडा. लाल शाईत."

मी म्हणालो, "साहेब, अर्ज मी छापले होते. तुम्हीच म्हणालात अर्ज घ्या."

"मी अर्ज घ्या म्हणालो. छापा म्हणालो नाही." ते माझ्याकडं न बघता बोलले. "तुमचे दोन-अडीच महिने राहिलेत ना? शांतपणे जा की."

तेवढ्या एका वाक्यानं माझी रात्रीची झोप गेली. मी काही शूर माणूस नाही. टाइम ऑफिसात आलो, दार लोटलं, मस्टर उघडलं. वाइंडिंगचं पान आलं. लाल पेन उचलेना, म्हणून पेन्सिल घेतली. पेन्सिलीनं लिहिलं तर ते लिहिल्यात जमा नाही, अशी मनाची समजूत घातली. सात नावांपुढं ‘सं’ लिहिला. सातवं नाव रुक्मिणबाईचं.

तेवढ्यात खिडकीवर टकटक. तीच उभी. निलंबित कामगारानं रोज फाटकावर येऊन वेगळ्या वहीत सही करायची, असं तिच्या आदेशात होतं. ती वही माझ्याच ताब्यात. मी मस्टरवर हात ठेवला. तिनं सही केली आणि विचारलं, "बाबू, येळवसच्या खान्यात काय लिवलं?"

"अजून काही नाही."

"बरं." आणि गेली.

मी रबर घेऊन सातही खाने खोडले. साहेबांनी विचारलं की आज बेरीज चाललीय, उद्या पान पुरं करतो, असं सांगायला लागलो. असं तेवीस दिवस. आणि ती बाई रोज सकाळी येणार, सही करणार आणि तेच विचारणार. रविवार नाही, सणवार नाही. शेवटी शेवटी जीप थांबल्याचा आवाज आला की मी मस्टर झाकून ठेवायचो. तिनं एकदा तरी म्हणायला हवं होतं, बाबू, तुमच्या कागदापायी मी बुडाले. म्हणाली नाही. एकदा फक्त इतकं म्हणाली, "पोराला अजून सांगितलं न्हाई म्या. परीक्षा हाय त्याची."

दरम्यान, नोटिशीचे चौदा दिवस भरायच्या आतच, बीडहून कामगार अधिकाऱ्यांचं पत्र आलं होतं. संपाच्या नोटिशीवर आणि या निलंबनावर मध्यस्थीसाठी दोन्ही बाजूंनी हजर राहावं, टाइमकीपरनं मस्टरसह यावं. इथं एक गोष्ट समजून घ्या. या अधिकाऱ्याला निकाल देता येत नाही. तो दोघांना समोरासमोर बसवतो, तडजोड घडवतो, नाही घडली तर आपला अहवाल वर पाठवतो. ही मध्यस्थी चालू असेपर्यंत कामगारांना संप करता येत नाही, आणि मालकालाही त्याच वादातल्या कामगाराला परवानगीशिवाय काढून टाकता येत नाही. म्हणजे दोघांचेही हात बांधलेले.

साहेबांनी मला फक्त त्या वर्षीचं मस्टर आणायला सांगितलं होतं. आदल्या दिवशी मी जुन्या दफ्तराच्या खोलीत शिरलो. उंदरांनी कडा खाल्लेली, धुळीनं माखलेली बाडं. जेवढी सापडली तेवढी साखरेच्या पोत्यात भरली. फाटकावरचे बशीरभाई वॉचमन, माझ्याइतकीच नोकरी झालेले. ते बघत होते. काही न विचारता त्यांनी स्वतःची फाटकाची वही आणून पोत्यात टाकली. म्हणाले, "त्यो सुट्टीचा दिवस बघा म्हंजी झालं. म्या लिवून ठिवलंय."

साहेबांच्या गाडीत जागा होती. मी म्हणालो, पोतं घाण आहे, मी जीपनं येतो. स्टँडवर शेषेरावनं पोतं टपावर चढवायला हात दिला. या खेपेला त्यानं कितवा दिवस म्हणून विचारलं नाही. "नीट जा, बाबू," एवढंच म्हणाला, आणि पोत्याची दोरी त्यानं दोनदा आवळली.

नेकनूरला जीप थांबली आणि रुक्मिणबाई चढली. मागच्या बाकावर बसली. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. सुनावणीला दोघं एका गाडीतून आले, असं कुणी म्हणायला नको. उरलेल्या वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी वर टपाकडं बघत होतो. पोतं पडलं तर? दोरी सुटली तर? माझ्या शेजारचा म्हातारा शेवटी म्हणाला, "सोनं हाय काय बे त्यात?"

अधिकाऱ्यांच्या खोलीत एका बाजूला साहेब आणि गिरणीचे कायद्याचे सल्लागार, दुसऱ्या बाजूला रुक्मिणबाई आणि तिच्या खात्यातल्या दोघी. मी कुठं बसावं हेच मला कळेना. शेवटी पोत्याशेजारी उभा राहिलो.

सल्लागारांनी अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "एक मजकूर, एक छपाई, एक दिवस. याहून संगनमत काय असतं?"

अधिकारी विदर्भाकडचे होते. शांतपणे एकेक अर्ज बघितला. मग मला म्हणाले, "दरवर्षी या दिवशी काय मांडता?"

मी पोतं सोडलं. एक बाड, दुसरं, तिसरं. पिवळी पडलेली पानं. अमावास्येचा खाना वरपासून खालपर्यंत निळा. ये, ये, ये, ये.

"‘ये’ म्हणजे काय?"

मी सांगायच्या आतच सल्लागार म्हणाले, "मस्टरच्या पहिल्या पानावर खुणांची यादी आहे, साहेब. तीत ‘ये’ नाही. हे अक्षर यांच्या घरचं आहे."

तेवढ्यात रुक्मिणबाई बोलली. "‘ये’ म्हंजी येळवस, साहेब. त्या दिवशी आमच्या शेतात कुनालाबी ‘ये’ म्हंत्यात. तुमी आला असता तर तुमालाबी वाढलं असतं. ह्या साहेबांनाबी बोलावनं केलतं म्या. आले न्हाईत."

साहेबांनी मान खाली घातली. बोलावणं खरं होतं, मी तिथंच होतो.

अधिकाऱ्यांनी त्या वर्षीचं मस्टर मागितलं. रिकामा खाना बघितला. मग पान खिडकीकडं धरलं. उजेडात सातही खाने खरडलेले दिसले. "इथं काय खोडलंय?"

सांगून टाकावं की काहीतरी डाग होता म्हणावं, एवढं एकच डोक्यात. तोंडून निघालं ते निघालं. "मी ‘सं’ लिहिला होता, साहेब. पेन्सिलीनं. मला भीती वाटली म्हणून लिहिला. मग लाज वाटली म्हणून खोडला. आणि तो अर्जाचा नमुना माझा आहे. यांनी कुणी जमवाजमव केली नाही. यांना अर्ज नकोच होते, मीच द्यायला लावले."

मी रुक्मिणबाईकडं बघितलं नाही. बघवलं नाही.

सल्लागार लगेच म्हणाले, "म्हणजे टाइमकीपरच सामील होता, असं लिहून घ्या!"

एकतीस वर्षं गेली, म्हटलं. पेन्शन-बिन्शन कसली, चौकशीच बसणार. तसाच पोत्यात हात घातला आणि बशीरभाईंची वही काढली. येळवसनंतरच्या साप्ताहिक सुट्टीचं पान. बशीरभाईंचं वाकडंतिकडं अक्षर : ‘सकाळपाळीला एकशे सव्वीस माणूस कामावर आलं. फाटक बंद. परत गेलं.’ खाली टोकनांचे नंबर, ओळीनं.

बशीरभाईंनी आठवण देईपर्यंत हे मी विसरलोच होतो. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणं माणसं येळवसचा दिवस भरून द्यायला आली होती. निलंबित असलेली रुक्मिणबाईसुद्धा आली होती, टोकन हातात घेऊन. नव्या साहेबांना हा रिवाज माहीत नसल्यानं फाटक उघडलंच नव्हतं.

अधिकाऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली. साहेबांना विचारलं, "संपावर गेलेली माणसं सुट्टीच्या दिवशी दिवस भरून द्यायला येतात का?"

मग अधिकारी सल्लागारांकडं वळले. "वर्षानुवर्षांचा रिवाज काढून घ्यायचा तर आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. दिली होती? नाही ना? मला निकाल देता येत नाही. पण अहवाल मी हाच पाठवणार, या वहीसकट. तुम्ही बाहेर जाऊन विचार करा."

ते दोघं बाहेर गेले. अर्धा तास फोनवर होते. तो अर्धा तास मी खिडकीच्या गजांची संख्या मोजत होतो. अकरा होते. सारखे अकराच यायचे, म्हणून मी पुन्हा पुन्हा मोजत होतो.

शेवटी समझोता झाला. निलंबन आणि चार्जशीट मागं. येळवस पूर्वीसारखी, बदली दिवसासकट. पंखा पंधरा दिवसांत. तो प्रत्यक्षात लागायला दीड महिना गेला, आणि कार्डिंगमधल्या दोघांचा खोकला अजून गेलेला नाही, हेही लिहिलं पाहिजे. मला एक मेमो मिळाला, मस्टरमध्ये पेन्सिल वापरल्याबद्दल. एकतीस वर्षांतला पहिला आणि शेवटचा. तो मी जपून ठेवलाय. आता गिरणीत बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलंय, त्याला ह आणि गै सोडून तिसरं अक्षर येत नाही. यंदाच्या येळवसला ते काय करणार आहे, याची काळजी मला इथं घरी बसून लागलेली आहे.

पण ती सकाळ सांगतो आणि थांबतो. बीडहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तासभर आधीच टाइम ऑफिसात जाऊन बसलो. मस्टर उघडलं. निळं पेन घेतलं आणि वरपासून खालपर्यंत तो खाना भरला. रबरानं पातळ झालेल्या जागी शाई थोडी फुटली. सातव्या नावाशी तर फारच फुटली.

जीप थांबली. ती खिडकीशी आली आणि सवयीनं निलंबितांच्या वहीकडं हात केला. मी वही मागं ओढून घेतली.

"येळवसच्या खान्यात लिवलं का, बाबू?"

"लिहिलं."

"काय लिवलं?"

मस्टर फिरवून तिच्यापुढं धरावं असं मनात होतं, पण तेवढं जमलं नाही. मी नुसतं म्हणालो, "ये."

तिचे डोळे भरले होते, माझेही. मग पदराच्या गाठीतून तिनं टोकन काढलं.

"येते की," म्हणाली, आणि फाटकातून आत आली. मी मान खाली घातली. फळीवर टण्ण वाजलं.